मेंदूची प्रतिमा आणि मुलाची भाषा

मराठी समीक्षेत ‘प्रतिमा’ ही संज्ञा गेली अनेक दशके रूढ आहे. प्रतिमा ही वस्तूची नक्कल नसते, एका विशिष्ट दृष्टीने केलेली ती घडण असते. तिचा अर्थ लावावा लागतो आणि तो लावणाऱ्याचे पूर्वग्रह त्या अर्थात उतरतात, एवढे भान मराठीच्या अभ्यासकाला असतेच. वैद्यकाच्या क्षेत्रातून आलेल्या दुसऱ्या एका प्रतिमेबाबत मात्र हे भान सुटलेले दिसते. मूल भाषा ऐकते, बोलते किंवा वाचते तेव्हा मेंदूच्या कोणत्या भागात काय घडते हे दाखविणारी रंगीत चित्रे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत प्रयोगशाळांतून बाहेर पडली. पुढे शैक्षणिक धोरणांत, पालकांसाठीच्या पुस्तकांत आणि भाषाविषयक वादांत ती पुरावा म्हणून दाखल झाली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मेंदूचा पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो, असे विधान आहे. महाराष्ट्र शासनाने १६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य केली, १७ जूनला त्या निर्णयात शब्दांचा फेरफार केला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. त्या वादात लहान मुलाचा मेंदू अनेक भाषा सहज टिपतो असे एका बाजूने म्हटले गेले, तर कोवळ्या मेंदूवर भार पडतो असे दुसऱ्या बाजूने. परस्परविरोधी निष्कर्षांसाठी एकाच मेंदूची साक्ष काढली जात असेल, तर ती साक्ष मुळात कशी नोंदली जाते याची चिकित्सा करणे आवश्यक ठरते. ती चिकित्सा केवळ वैज्ञानिकांवर सोपवता येत नाही, कारण प्रश्न जितका मेंदूचा आहे तितकाच तो भाषेचा आणि अर्थनिर्णयाचा आहे.

१

ही चिकित्सा अमूर्त पातळीवर राहू नये म्हणून एक प्रदेश समोर ठेवणे उपयुक्त होईल. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याचा बहुतेक भाग त्यापूर्वी औरंगाबाद जिल्ह्यात होता. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, हा अनुभव या प्रदेशाला नवा नाही.

आजही येथील पहिलीच्या वर्गात बसलेले मूल एका भाषेचे नसते. गावातले मराठी बोलणारे मूल चालू काळ ‘करायलो’, ‘जायलो’ अशा रूपांनी सांगते, ‘का’ऐवजी ‘कामून’ विचारते. पाठ्यपुस्तकातली वाक्यरचना त्याला परकी नसली तरी घरचीही नसते. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतील तांड्यांवरचे मूल गोरमाटी बोलते; त्याच्या घरी आई ‘याडी’ असते आणि भाकर ‘बाटी’. जालना शहराच्या मोहल्ल्यांतले मूल दखनी वळणाची उर्दू बोलते. या मुलांपैकी कित्येकांचे आईबाप दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मूल सोबत गेले तर पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या उसाच्या फडात त्याचा अर्धा शैक्षणिक वर्षकाळ जातो. मागे राहिले तर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात.

या मुलाची मातृभाषा कोणती, या प्रश्नाला कागदोपत्री मिळणारे उत्तर पाहण्यासारखे आहे. २०११च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी ही मातृभाषा सांगणाऱ्या देशभरातल्या ३२ लाखांहून अधिक लोकांची गणना हिंदी या शीर्षकाखाली झाली. बंजारी हे नाव सांगणाऱ्यांचीही तशीच. म्हणजे तांड्यावरचे मूल घरी हिंदी बोलत नाही, शाळेत मराठी शिकते आणि नोंदीत हिंदीभाषक ठरते. ‘घरची भाषा’, ‘पहिली भाषा’ या संज्ञा ज्या ठिकाणी इतक्या अस्थिर आहेत, तेथे मेंदूवरील संशोधनातले ‘एकभाषक मूल’ आणि ‘द्विभाषक मूल’ हे कप्पे आयते लागू पडतील असे मानता येत नाही.

२

आता प्रतिमेच्या घडणीकडे वळावे. मेंदू आणि भाषा यांचा संबंध एकोणिसाव्या शतकात मृतांच्या मेंदूवरून जोडला गेला. पॉल ब्रोका याने १८६१ मध्ये वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूच्या पुढील भागातील इजा दाखविली. कार्ल वेर्निके याने १८७४ मध्ये आकलनाशी निगडित असा मागील भाग दाखविला. जिवंत, निरोगी माणसाच्या मेंदूचे कार्य पाहण्याचा मार्ग विसाव्या शतकाच्या अखेरीस खुला झाला. रक्तातल्या प्राणवायूच्या प्रमाणानुसार चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक टिपता येतो, हे सेजी ओगावा यांनी १९९०च्या सुमारास दाखविले आणि ‘एफएमआरआय’ या नावाने ओळखली जाणारी पद्धती त्यातून विकसित झाली.

या पद्धतीत यंत्र विचार पाहत नाही, शब्दही पाहत नाही. मेंदूचा एखादा भाग अधिक काम करू लागला की तिकडे रक्ताचा पुरवठा वाढतो आणि त्या वाढीची नोंद काही सेकंदांच्या विलंबाने होते. बोलताना एका सेकंदात अनेक ध्वनी येऊन जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे या विलंबाचा अर्थ कळतो. चित्रातला लहानातला लहान घन ठिपका लाखो मज्जापेशींचा मिळून एक असतो. शिवाय हे चित्र वजाबाकीने तयार होते: शब्द वाचतानाच्या नोंदीतून निरर्थक आकृत्या पाहतानाची नोंद वजा केली की जे उरते त्याला ‘वाचनाचे कार्य’ म्हणायचे. काय वजा करायचे हे संशोधक ठरवितो. पुढे अनेक व्यक्तींच्या नोंदी एका नमुनेदार मेंदूवर बसवून त्यांची सरासरी काढली जाते, आणि ठरावीक संख्याशास्त्रीय मर्यादेच्या वर गेलेल्या ठिपक्यांना रंग दिला जातो. ही मर्यादा सैल ठेवली तर काय होते, हे क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एका मेलेल्या सामन माशाला यंत्रात ठेवून दाखविले. आवश्यक ती दुरुस्ती न करता हिशेब केला असता त्या मृत माशाच्या मेंदूतही ‘कार्य’ दिसले. त्या प्रयोगाने पद्धती निकालात निघाली नाही; ती शिस्तीने वापरावी लागते एवढेच सिद्ध झाले.

यावरून एवढे म्हणता येईल की, मेंदूची प्रतिमा ही पुरावा होण्याआधी एक संहिता असते. निवड, वगळणूक, सरासरी आणि रंगयोजना यांनी ती रचली जाते. वाचकावर तिचा प्रभाव मात्र छायाचित्रासारखा पडतो. डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले की, एखाद्या सदोष स्पष्टीकरणाला मेंदूविषयीचे असंबद्ध वाक्य जोडले तरी सामान्य वाचकाला ते अधिक समाधानकारक वाटते. अलंकारशास्त्राच्या अभ्यासकाला यात आश्चर्य वाटू नये. वाक्याचे प्रामाण्य त्याच्या आशयातून न येता त्याच्या वेषातून येण्याचा हा परिचित प्रकार आहे.

धोरणातील पंच्याऐंशी टक्क्यांचे विधान या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. मेंदूचे आकारमान पहिल्या पाचसहा वर्षांत प्रौढाच्या आकारमानाच्या जवळ जाते, हे खरे आहे. परंतु आकारमान म्हणजे विकास नव्हे. मज्जापेशींमधील जोडण्या बालपणी विपुल होतात आणि नंतर अनावश्यक जोडण्या छाटल्या जातात. पेशींना जोडणारे तंतू विशीपर्यंत परिपक्व होत राहतात. ज्या प्रक्रियेत वाढीइतकीच छाटणी महत्त्वाची आहे तिला टक्केवारी लावली की मेंदू हे एक भांडे होते आणि बालपण ही ते भरण्याची मुदत. या रूपकाचा परिणाम उघड आहे: फडावरून परतलेल्या आठ वर्षांच्या मुलाची मुदत संपलेली असते. बाल्यातील अनुभवाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु ‘लवकर सुरुवात करावी’ या रास्त सूचनेतून ‘उशीर झाला’ हा निवाडा निघत नाही. तो निवाडा रूपकाने आणलेला आहे.

३

या संशोधनातील अधिक गंभीर शाखा दारिद्र्य आणि मेंदू यांच्या संबंधाची आहे. किंबर्ली नोबल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तीन ते वीस वर्षे वयाच्या १,०९९ अमेरिकन मुलामुलींच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. कुटुंबाचे उत्पन्न आणि आईवडिलांचे शिक्षण यांचा मेंदूच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाशी संबंध त्यांना दिसला आणि सर्वांत गरीब कुटुंबांत उत्पन्नातील लहान फरकाबरोबरही मोठा फरक आढळला. उत्तर प्रदेशातील शिवगढ येथे सहज नेता येणाऱ्या प्रकाशाधारित उपकरणाने ग्रामीण बालकांवर केलेले संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले; कमी उत्पन्नाच्या व कमी शिकलेल्या मातांच्या मुलांत दृश्यस्मृतीशी निगडित मेंदूकार्य क्षीण असल्याचे त्यात नोंदले आहे. ही संशोधने जबाबदारीने केलेली आहेत. उपासमार, आजार आणि असुरक्षितता शरीरात उतरतात, मेंदू हा शरीराचाच भाग आहे. तेव्हा या निष्कर्षांनी कोणी दुखावण्याचे कारण नाही.

अडचण पुढच्या पायरीवर येते. दारिद्र्यामुळे मेंदूत फरक पडतो, या विधानावरून गरिबांची भाषा उणी असते या विधानावर नकळत उडी मारली जाते. या उडीला जुना इतिहास आहे. बेझिल बर्नस्टाइन यांनी कामगारवर्गीय मुलांच्या भाषिक व्यवहारासाठी ‘मर्यादित संकेत’ ही संज्ञा वापरली आणि शिक्षणक्षेत्रात तिचा अर्थ ‘न्यून भाषा’ असा रूढ झाला. विल्यम लबॉव्ह यांनी १९६९च्या निबंधात कृष्णवर्णीय मुलांच्या इंग्रजीतील नियमबद्धता आणि तर्कशुद्धता दाखवून या समजुतीला उत्तर दिले. ‘करायलो’ हे रूप ‘करतो आहे’ याचा अपभ्रंश नाही. चालू काळाची ती स्वतंत्र आणि नियमित व्यवस्था आहे, हे मराठवाडी बोलीबाबतही तितकेच खरे आहे. तरी १९९५ मध्ये बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी गरीब घरातल्या मुलाच्या कानावर चौथ्या वर्षापर्यंत तीन कोटी शब्द कमी पडतात असा अंदाज मांडला आणि ‘शब्दांची तूट’ ही कल्पना जगभर पसरली. डग्लस स्पेरी, लिंडा स्पेरी आणि पेगी मिलर यांनी पुढे अनेक समाजांतल्या कुटुंबांत जाऊन पुन्हा मोजणी केली. केवळ आईचे मुलाला उद्देशून बोलणे न मोजता घरातल्या इतर माणसांचे आणि आजूबाजूचे बोलणे हिशेबात घेतले तेव्हा ही तूट त्या रूपात टिकली नाही. एकाच वर्गातल्या कुटुंबांतही मोठा फरक आढळला.

तांड्यावरच्या मुलाला हे विशेष लागू पडते. तेथे मूल एका आईच्या समोर बसून तिच्याशी संवाद करीत वाढत नाही. मोठी बहीण, आजी, शेजारच्या झोपडीतल्या बाया, सणाची गाणी, भांडणे आणि हिशेब यांच्या मध्ये ते वाढते. मध्यमवर्गीय घरातल्या संवादाचा साचा हाच भाषिक संगोपनाचा एकमेव साचा मानला, तर हे सारे भाषिक वातावरण शून्यवत ठरते. मोजमापाचे यंत्र जे मोजत नाही ते नसते असे समजणे ही पद्धतीची मर्यादा आहे, मुलाची नव्हे.

रेचेल रोमिओ आणि सहकाऱ्यांचे २०१८चे संशोधन या संदर्भात महत्त्वाचे आहे. चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांत त्यांना असे दिसले की, मुलाच्या कानावर किती शब्द पडतात यापेक्षा मोठी माणसे आणि मूल यांच्यात बोलण्याची देवघेव किती वेळा होते याचा ब्रोकाच्या क्षेत्रातील कार्याशी संबंध आहे, आणि हा संबंध उत्पन्नावर अवलंबून नाही. नमुना लहान आहे, मुले अमेरिकन आहेत, संबंध म्हणजे कारण नव्हे. या सर्व मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते. ज्या देवघेवीचे महत्त्व येथे दिसते ती कोणत्याही बोलीत होऊ शकते. शाळेत मात्र तांड्यावरच्या मुलाला नेमकी तीच नाकारली जाते, कारण त्याच्या बोलीतल्या प्रश्नाला त्याच्या बोलीत उत्तर देणारे तेथे बहुधा कोणी नसते. प्रतिमेचा निष्कर्ष घराकडे बोट दाखविण्यासाठी वापरला जातो. तो तितक्याच न्यायाने वर्गाकडे वळविता येतो.

४

या संशोधनाला केवळ ‘विज्ञानवाद’ म्हणून झटकून टाकणे मराठी समीक्षेला सोपे आहे आणि म्हणूनच टाळण्याजोगे आहे. देवनागरीच्या वाचनाबाबत त्याने दिलेले ज्ञान मराठीच्या अध्यापकाला अन्य मार्गाने मिळाले नसते.

मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी-सिंग आणि सहकाऱ्यांनी हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासांत देवनागरी वाचताना डाव्या मेंदूतील वाचनाच्या परिचित क्षेत्रांबरोबर स्थानविषयक आकलनाशी निगडित क्षेत्रेही गुंतलेली दिसतात. लिपीची रचना पाहिली की याचे कारण लक्षात येते. ‘कि’मधली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. उकार खाली, मात्रा वर, काना उजवीकडे. ‘र’ तर रफार होऊन डोक्यावर जातो, किंवा ‘प्र’मध्ये पायाशी येतो. मराठीत त्यातही ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ असा भेद करावा लागतो. डोळ्याचा क्रम आणि कानाचा क्रम येथे एक नसतो. घनसावंगी तालुक्यातील जांब हे ज्यांचे जन्मस्थान, त्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला. बाळबोध अक्षराचे वळण, ओळींमधले अंतर, पहिल्या अक्षराची ठेवण ग्रंथाच्या अखेरपर्यंत सांभाळण्याची शिस्त यांचे विवेचन त्यांनी केले. हा योगायोग पुरावा म्हणून पुढे करण्याचे कारण नाही. परंतु अक्षर ही डोळ्याने आणि हाताने कमवायची गोष्ट आहे, हे या परंपरेला ठाऊक होते.

बोलणे मुलाला ऐकून येते, वाचणे शिकवावे लागते. प्रतिमांकनाने याला भक्कम आधार दिला आहे. स्तानिस्लास दहॅन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ब्राझील व पोर्तुगालमधील साक्षर, प्रौढपणी साक्षर झालेले आणि निरक्षर अशा ६३ व्यक्तींच्या मेंदूंची तुलना केली. साक्षरतेने दृष्टीची आणि बोललेल्या भाषेची, दोन्ही क्षेत्रे बदललेली दिसली, आणि ती प्रौढपणी शिकलेल्यांतही बदलली होती. २०१७ मध्ये मिखाएल स्कायडे, फाल्क ह्यूटिग आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी लखनौ परिसरातील खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकविली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. एवढ्या अवधीत त्यांच्या मेंदूच्या बाह्य थरातीलच नव्हे, तर खोलवरच्या दृष्टिविषयक भागांतील परस्परसंबंधही बदलले. तिशीतल्या बायांचा मेंदू सहा महिन्यांत अक्षरांसाठी जागा करतो, हा निष्कर्ष पंच्याऐंशी टक्क्यांच्या विधानाशेजारी ठेवावा. धोरणकर्त्यांना पहिले विधान पाठ असते, दुसरे नसते. २०११च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्यातील साक्षरता सुमारे ७१ टक्के होती आणि स्त्रियांची त्याहून बरीच कमी, त्या जिल्ह्यासाठी दुसरे विधान अधिक मोलाचे आहे.

वर्गातल्या निरीक्षणाची जोड मिळाल्याशिवाय या ज्ञानाचा उपयोग होत नाही. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी २०११ नंतर वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातील यादगिर येथे कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा काही वर्षे पाठपुरावा केला. मूळाक्षरे, बाराखडी आणि मग जोडाक्षरे अशा चढत्या पायऱ्यांत कित्येक मुले अडकून राहतात आणि अर्थपूर्ण मजकुरापर्यंत पोहोचतच नाहीत, असे त्यातून पुढे आले. या अभ्यासात मेंदूची एकही प्रतिमा नाही. तरी अध्यापनात काय बदलावे हे तो अधिक थेट सांगतो. वाचनदोष ओळखण्यासाठी २०१५ मध्ये तयार झालेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीचाही समावेश झाला, ही स्वागतार्ह घटना होय. परंतु मराठीतली चाचणी गोरमाटी घरातल्या मुलावर वापरताना त्याची अडचण वाचनदोषाची आहे की अनोळखी भाषेची, हे वेगळे करण्याची जबाबदारी चाचणी घेणाऱ्यावरच राहते.

५

येथे विचारात घेतलेल्या संशोधनांपैकी एकही जालन्यात झालेले नाही. बॉस्टन, पॅरिस, मानेसर, लखनौ येथल्या सरासरी मेंदूवरून मंठ्याच्या मुलाविषयी बोलले जाते. उद्या एखादे उपकरण तांड्यापर्यंत पोहोचले तरी मूळ प्रश्न सुटणार नाही. प्रतिमा फरक दाखविते; फरकाला उणीव म्हणण्याचा निकष प्रतिमेत नसतो. तो बाहेरून, प्रमाणभाषेच्या आणि मध्यमवर्गीय संगोपनाच्या गृहीतकांतून येतो. हा निकष मराठी समीक्षेच्या परिचयाचा आहे. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या भाषेला ‘अशुद्ध’ म्हटले गेले तेव्हा त्याच्याशी तिचा सामना झालेला होता. त्या वादात जे प्रामाण्य व्याकरणाच्या नावाने मागितले गेले, तेच आज मेंदूच्या नावाने मागितले जाण्याचा धोका आहे; आणि व्याकरणाशी वाद घालता येत होता तसा रंगीत चित्राशी घालता येत नाही, अशी वाचकाची समजूत असते.

मुलाच्या भाषेचा आणखी एक दस्तऐवज मराठीपाशी आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. जमातीची बोली आणि शाळेची मराठी यांच्यामध्ये उभे असलेले मूल या आत्मकथनांच्या केंद्राशी आहे. दोन्ही भाषा येत असूनही दोन्हींत परके असणे म्हणजे काय, कोणता शब्द कोणापुढे उच्चारायचा नाही हे मूल कसे शिकते, हे कोणत्याही यंत्राच्या नोंदीत येत नाही. सामाजिक दस्तऐवज म्हणून ही पुस्तके वाचली गेली, वाङ्मयीन गुणांसाठीही वाचली गेली. भाषा-संपादनाचा पुरावा म्हणून त्यांचे वाचन अजून व्हायचे आहे. मेंदूविज्ञानाला विरोध म्हणून हे वाचन करायचे नाही. प्रयोगशाळेने कोणते प्रश्न विचारावेत हे त्यातून ठरू शकेल.

जालन्याच्या संदर्भात ते प्रश्न सांगता येण्याजोगे आहेत. पहिलीतल्या तांड्यावरच्या मुलाला मराठी अक्षरे शिकविताना आरंभीचे शब्द त्याच्या बोलीतले घेतले तर वाचन लवकर येते का? फडावरून परतलेले मूल विसरते ते काय, आणि कशात ते वर्गातल्या मुलांच्या पुढे असते? घरातल्या आजीची गोष्ट आणि शिक्षकाचा प्रश्न यांत देवघेव कोठे अधिक होते? या प्रश्नांची पहिली उत्तरे वर्गात बसून, घरी जाऊन आणि कान देऊन मिळतील. त्यानंतर मेंदूची प्रतिमा काढली गेली तर तिच्यात काय पाहायचे हे निदान माहीत असेल. जनगणनेच्या रकान्यात चुकीच्या भाषेखाली मोजले गेलेले मूल प्रतिमेच्या सरासरीतही चुकीच्या नावाखाली जाऊ नये, एवढी दक्षता मराठीच्या अभ्यासकाने घ्यायची आहे.